गावात कावीळ पसरली, शाळा बंद झाली, आता मास्तरने आधी काय करायचं?

भाऊ, तुमचा प्रश्न दोनदा वाचला मी. धुळे जिल्ह्यातलं गाव, जिल्हा परिषदेची शाळा, नोकरीचं दुसरंच वर्ष, पंधरा दिवसात गावात कावीळचे पेशंट वाढत गेले, तुमच्या सहावी-सातवीतली ११ पोरं घरी पडून आहेत, शाळा बंद ठेवलीये. पालक म्हणतात शाळेच्या टाकीनेच झालं, ज्याच्या घरात पहिला पेशंट निघाला त्या पोराशी कोणी बोलत नाही, वरून निरोप आलाय की सिलॅबस मोबाईलवर चालू ठेवा, आणि घरी बायकोला सातवा महिना. आणि सगळ्यात शेवटी, अगदी घाईघाईत लिहिल्यासारखं, तुम्ही विचारलंय की मला भीती वाटतेय हे पोरांना कळू द्यायचं का. माझ्या मते खरा प्रश्न तोच आहे, पण तिथवर हळूहळू येऊ.

मी ३१ वर्षं शिकवलं. पहिली ६ वर्षं धडगाव तालुक्यात आश्रमशाळेवर, मग अमळनेर तालुक्यात हायस्कूलला, शेवटी शेवटी मुख्याध्यापिका. हगवणीची साथ पाहिली, डेंग्यू पाहिला, कोरोना तर सगळ्यांनीच पाहिला. डॉक्टर नाही मी, त्यामुळे औषधाचं तुमच्या पीएचसीतल्या मेडिकल ऑफिसरलाच विचारा, मी शाळेपुरतं बोलते.

सिलॅबस आठ दिवस बाजूला ठेवा. निरोप देणाऱ्याला "हो साहेब" म्हणा आणि उद्या सकाळी हजेरीचं रजिस्टर उघडा. प्रत्येक नावापुढे P आणि A च्या ऐवजी चार गोष्टी लिहायच्या, पोरगं आत्ता कुठे आहे, घरात कोण आजारी आहे, स्वैपाक कोण करतंय, प्यायचं पाणी कुठून येतं. बस. मामाच्या गावाला पाठवून दिलेलं पोरगं, आई दवाखान्यात म्हणून चुलीपुढे बसलेली सातवीतली पोरगी, कापूस वेचायला लावलेला पोरगा, हे सगळं त्या चार प्रश्नांत बाहेर येतं, आणि नुसत्या फोनवर ते येत नाही कारण फोन बापाच्या खिशात आणि बाप शेतात. ज्या घरी आजार नाही तिथे ओट्यावर उभं राहून दोन मिनिटं बोला, जिथे आजार आहे तिथे आशाताईंना सोबत घेऊन जा, त्यांच्या यादीत आणि तुमच्या रजिस्टरात फरक निघतोच आणि तो फरक दोघांच्याही कामाचा असतो.

आता आजाराविषयी, कारण पालक तुम्हालाच विचारणार आणि मास्तरला माहीत नसलं की मग गावात कोणीही काहीही सांगतो. पाण्यातून पसरणारी कावीळ बहुतेक वेळा ए किंवा ई प्रकारची असते, कोणती ते रक्त तपासल्यावरच कळतं. व्हायरस पोटात गेल्यापासून डोळे पिवळे होईपर्यंत दोन आठवड्यापासून सात-आठ आठवड्यापर्यंत कितीही वेळ जाऊ शकतो. म्हंजे काय, तर ग्रामपंचायतीने आज लिकेज बंद केलं, टाकी धुतली, टीसीएल म्हंजे ब्लिचिंग पावडर टाकली, तरी पुढचा महिना-दीड महिना नवीन पेशंट निघत राहतील, कारण ते आधीच पाणी पिऊन बसलेले आहेत. हे लोकांना आधीच सांगून ठेवा. नाहीतर पंधरा दिवसांनी नवीन पेशंट निघाला की लोक म्हणतात काहीच उपयोग नाही झाला, आणि उकळलेलं पाणी पिणं सोडून देतात, माझ्या डोळ्यासमोर झालंय हे.

पाणी खळखळून उकळलेलं. तुरटीने गढूळपणा खाली बसतो, व्हायरस मरत नाही. साधा कॅन्डलचा फिल्टर यासाठी पुरत नाही. हात साबणानेच धुवायचे, कोरोनातलं उरलेलं सॅनिटायझर इथे साबणाइतकं कामाचं नाही. आणि जे पोरगं सारखं उलटी करतंय, गुंगीत जातंय, बरळतंय, किंवा कुठून रक्त येतंय, त्याच्यासाठी वाट पाहायची नाही, १०८ ला फोन. गळ्यात माळ घालणं, चुन्याच्या पाण्यात हात धुवून कावीळ "उतरवणं", मनगटावर डाग देणं, नाकात थेंब टाकणं, हे सगळं तुमच्या गावात चालू असेलच. त्यावर चौकात भांडू नका, आजीला वाईट वाटतं आणि ती पोराला लपवते. माळ राहू द्या गळ्यात, पण डाग देऊ देऊ नका, पोटात झाडपाला जाऊ देऊ नका कारण लिव्हर आधीच सुजलेलं असतं, आणि दवाखान्यात तेवढं न्यायला लावा. मी माळ घातलेली कितीतरी पोरं स्वतः पीएचसीत नेलीत.

टाकीचं. पालक म्हणतात शाळेची टाकी, तुम्ही म्हणता नाही. नका म्हणू नाही. तुम्हाला तरी कुठे माहितीये? चार पालक, सरपंच, जलसुरक्षक सगळ्यांना बोलवा, टाकीचं झाकण त्यांच्यासमोर उघडा, ओटी टेस्ट त्यांच्यासमोर होऊ द्या, पाण्यात क्लोरिन असलं की पिवळा रंग येतो, नसलं की येत नाही, यात कोणाला इंग्रजी यायची गरज नाही. नमुना लॅबला पाठवायचा तोही त्यांच्यासमोर. टाकीतच निघालं तर "चुकलं, धुवायला पाहिजे होती" म्हणायचं, झालं. मी एकदा असं म्हटलंय, अंगावर काटा आला होता म्हणताना, पण त्यानंतर गाव माझ्याशी खोटं बोललं नाही.

पण माझ्या अनुभवाने सांगते, दोष बऱ्याचदा नळाच्या लाईनीत असतो. आपल्याकडे उन्हाळ्यात चार दिवसाआड, कुठे आठ दिवसाआड पाणी. लाईन मधल्या काळात रिकामी, गटारीतून गेलेली, आणि पाणी आलं की जो तो नळाला डायरेक्ट मोटर लावतो. मोटर लाईनीतून ओढते, जिथे पाईप फुटलेला आहे तिथून गटारीचं पाणीही ओढलं जातं. पहिल्या दहा मिनिटाचं पाणी कसं येतं, कोणत्या गल्लीत वास येतो, कुठे लाईन फुटून कायम चिखल असतो, हे ग्रामसेवकापेक्षा तुमच्या सातवीच्या पोरांना जास्त माहितीये कारण ती दिवसभर तिथेच खेळतात. बरी असलेली पोरं घ्या, एक मोठा माणूस सोबत द्या, कागदावर गावाचा नकाशा काढायला लावा, नळ कुठे, लिकेज कुठे, गटार कुठे, पेशंट कोणत्या गल्लीत. पेशंटचं नाव लिहायचं नाही, फक्त गल्ली. तो कागद सरपंचाला द्या. भूगोल झाला, विज्ञान झालं, आणि मुख्य म्हंजे पोरांच्या हाताला काम लागलं. संकटात पोराला सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतो माहितीये का, मोठी माणसं कुजबुजतात आणि आपल्याला "तू बाहेर खेळ" म्हणतात, त्याचा.

आता ते पोरगं, ज्याच्याशी कोणी बोलत नाही. ए प्रकारची कावीळ असेल तर माणूस सगळ्यात जास्त पसरवतो ते डोळे पिवळे व्हायच्या आधीचे एक-दोन आठवडे, आणि पिवळे झाल्यानंतर साधारण आठवड्याने तो धोका जवळपास संपतो. म्हंजे ज्याला सगळे टाळतायत तो बरा होऊन आलेला पोरगा वर्गातला सगळ्यात कमी धोक्याचा असू शकतो. पहिला पेशंट म्हंजे आजार आणणारा नव्हे, तो फक्त पहिला दिसला, त्याच लाईनीचं पाणी सगळ्यांनीच पिलं. हे तुम्ही वर्गात फळ्यावर तारखा मांडून शिकवा, पण त्याचं नाव न घेता, आणि तो वर्गात नसताना. आणि शाळा उघडली की पहिल्या दिवशी तुम्ही त्याच्या बाजूला बसून खिचडी खा. हात धुवून, आपापल्या ताटात. पोरं भाषण ऐकत नाहीत, मास्तर कोणाच्या बाजूला बसला ते बघतात. कोणी त्याला "पिवळ्या" म्हणत असेल तर ते पहिल्या दिवशीच थांबवा, एकदा चिकटलेलं नाव दहावीपर्यंत जात नाही.

अमळनेरला प्रताप हायस्कूलात साने गुरुजी १९२४ ते १९३० शिक्षक होते, होस्टेलही बघायचे. आमच्याकडे जुनी माणसं अजून सांगतात की आजारी पोराचे कपडे धुणं, खोली झाडणं हे ते स्वतः करायचे. मी नोकरीला लागले तेव्हा मला वाटायचं हे थोर माणसाचं काम, आपल्याला कुठे जमणार. पण धडगावला पहिल्याच पावसाळ्यात होस्टेलात हगवण लागली, एका रात्रीत १४ पोरं, दवाखाना लांब, रस्ता वाहून गेलेला, तेव्हा थोर-बीर काही नसतं, बादली उचलायची असते फक्त. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट ६ चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे मी आठवीच्या पोरींना एकदा दाखवलं आणि पहाटेपर्यंत त्या लहान्यांना चमच्या-चमच्याने पाजत बसल्या. मला पावरी येत नव्हती, लहान पोरं काय म्हणतात ते त्याच मला सांगत होत्या. तिसऱ्या दिवशी मीच पडले. डोळे उघडले तेव्हा त्यातली एक माझ्या उशाशी तोच चमचा घेऊन बसलेली. मी तिला म्हटलं जा तू झोप, मी करते माझं. ती उठली नाही. तेव्हा मला राग आला होता, बाईने पोरीकडून सेवा करून घ्यायची का म्हणून. आज कळतं की मी तिला उठायला सांगत होते तेच चुकत होतं.

कोरोनात हे जास्त नीट समजलं. मार्च २०२० ला दहावीचा भूगोलाचा पेपर २३ तारखेला होता, तो आधी पुढे ढकलला, मग एप्रिलमध्ये रद्दच झाला आणि बाकी विषयांच्या सरासरीने मार्क मिळाले. तुम्हाला वाटेल पोरं खूश झाली असतील. नाही हो. एका पोराने मला फोन करून नकाशाचे प्रश्न म्हणून दाखवले, सगळे, कारण पाठ केलेलं कोणाला तरी ऐकवायचं होतं त्याला. तेव्हा आम्हा शिक्षकांना वाटत होतं लिंक पाठवल्या की काम झालं. "शाळा बंद पण शिक्षण आहे" च्या लिंक रोज यायच्या, आम्ही ग्रुपवर टाकायचो, आणि माझ्या वर्गात ५८ पैकी २१ घरांत स्मार्टफोन. बाकीच्यांचं काय? तर गावात एक जागा रोज चालू होती, दूध डेअरी. सकाळ-संध्याकाळ प्रत्येक गल्लीतून कोणी ना कोणी कॅन घेऊन येतंच. डेअरीवाल्या दादांना विचारून तिथे एक पिशवी टांगली, वह्या त्यात यायच्या, दोन दिवस तशाच ठेवून मी तपासायचे आणि परत पिशवीत. ही कल्पना माझी नव्हती, नववीतल्या एका मुलीची होती. तुमच्याकडे आत्ता मोबाईलचा आग्रह आहे ना, तर तुमच्या गावात अशी पिशवी कुठे टांगता येईल ते पोरांनाच विचारा. आणि आजारी पोराला वही नाहीच पाठवायची, त्याला चिठ्ठी पाठवायची. मित्रांनी लिहिलेली, दोन ओळींची. कावीळीत पोरं आठ-आठ, पंधरा-पंधरा दिवस थकून पडलेली असतात, छताकडे बघत, त्यांना ती चिठ्ठी औषधासारखी लागते.

माझी एक चूक सांगते, तुम्ही करू नका. २०२० च्या ऑगस्टमध्ये एका मुलीचे वडील कोरोनात गेले, मला चार दिवस कळलंच नाही, आणि त्या चार दिवसात मी तिला दोनदा फोन केला, गणिताचा स्वाध्याय का नाही दिला म्हणून. ती दोन्ही वेळा "सॉरी मॅडम, देते" म्हणाली. आणि खरंच दिला. ती वही अजून माझ्याजवळ आहे. म्हणून म्हणते ते चार प्रश्न आधी, बाकी सगळं नंतर. नंतर मी तिच्या घरी गेले, धीर वगैरे काय देणार, आईच्या हातात कागदच नव्हते. मृत्यूचा दाखला, बोनाफाईड, उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्डाची झेरॉक्स, हे गोळा करून बालसंगोपन योजनेचा फॉर्म भरला. एक पालक गेलेल्या मुलालाही ती योजना मिळते, आता महिन्याला २२५० रुपये आहेत. देव न करो तुमच्याकडे तशी वेळ येवो, पण आली तर सांत्वनाच्या आधी फॉर्म. आणि आजार लांबला, कमावता माणूस पडून राहिला, तर त्या घरातल्या मुलीकडे लक्ष ठेवा. लॉकडाऊननंतर वर्ग उघडले तेव्हा पोरं सुरतेला गेलेली, केळीच्या गाड्या भरायला लागलेली, आणि तीन मुलींची लग्नं झालेली. तीन. १०९८ हा चाइल्डलाईनचा, अडचणीतल्या मुलांसाठीचा नंबर फळ्याच्या कोपऱ्यात कायम लिहून ठेवा.

आता तुमची भीती. एप्रिल २०२१ ला मला कोरोना झाला, मिस्टरांनाही, दोघं घरातच. त्या वर्षीची दहावीची परीक्षा त्याच महिन्यात रद्द झाली होती, पोरं रिकामी होती आणि बावरलेली होती. मी ग्रुपवर टाकलं "मॅडमला थोडं बरं नाही, काळजी नसावी". अर्ध्या तासात फोन. मग त्यांनी आपापसात ठरवून वेळाच लावून घेतल्या, सकाळी एक, दुपारी एक, संध्याकाळी सातला एक. "मॅडम, जेवण हुयनं का? तुमले काही लागस का?" एवढंच विचारायची पोरं. नोव्हेंबर २०२० ला नववी-दहावीचे वर्ग सुरू झाले होते तेव्हा मी विज्ञानाच्या तासाला ऑक्सिमीटर दाखवला होता, सहा मिनिटं चालून परत कसा लावायचा ते, प्रत्येकाच्या बोटाला लावून. तर सातच्या फोनवाला रोज आकडा विचारायचा आणि लिहून ठेवायचा. सहाव्या दिवशी मी म्हटलं ९१. तो गप्प झाला. मग म्हणाला, मॅडम, तुम्हीच सांगितलं होतं ९४ च्या खाली गेलं की दवाखाना. मी म्हटलं सकाळी बघू. तो म्हणाला नाही, मी आबांना गाडी काढायला सांगतो. त्याच रात्री मी ऑक्सिजनवर होते. शिकवलेलं असं परत येईल असं कधी वाटलं नव्हतं मला.

आमचे हिंदीचे सर त्याच महिन्यात गेले. पोरांना काय सांगायचं यावर स्टाफरूममध्ये वाद झाला, कोणी म्हणे आत्ता नको, कोणी म्हणे बदली झाली म्हणा. मी बरी होऊन आल्यावर व्हिडिओ कॉलवर सरळ सांगितलं, सर वारले, कोरोनाने, आणि मला खूप वाईट वाटतंय. मी रडलेही. पोरं आधी गप्प होती, मग एकेक जण सरांचं काहीतरी सांगायला लागला, तास दीड तास चालला. मला वाटतं वर्षभरातला सगळ्यात चांगला तास तो होता.

तर हो, कळू द्या पोरांना की तुम्हाला भीती वाटते. पण दोन ओळी, तिसरी नाही. "मलाही काळजी वाटते. म्हणून मी पाणी उकळून पितो आणि डॉक्टरांना विचारतो." भीती आणि तिच्यावर तुम्ही काय करताय ते, एकत्र. रात्री झोप न येणं, पगार, वरच्यांचा त्रास, हे पोरांवर टाकायचं नाही, ते ओझं त्यांचं नाही. त्यासाठी एखादा सहकारी धरा, किंवा १४४१६ ला फोन करा, टेलीमानसचा नंबर आहे, मराठीत बोलतात, फुकट आहे, आणि त्यात लाज काहीच नाही. पोरं मात्र तुमच्यासाठी काही करायला निघाली तर अडवू नका. कोणी विचारलं "सर, तुम्ही जेवले का" तर खरं उत्तर द्या.

आणि बायकोचं, हे आजच करा, बाकी सगळं उद्या. ई प्रकारची कावीळ गरोदर बाईला, त्यातही शेवटच्या तीन महिन्यात, खरंच जास्त धोक्याची असते. गावातली कोणती आहे ते रक्ताच्या रिपोर्टवरून कळेल, रिपोर्ट येईपर्यंत ई आहे असंच समजून वागा. पीएचसीत जाऊन सांगा की घरी सातवा महिना आहे, त्यांना गावातल्या सगळ्या गरोदर बायांची यादी तशीही करायचीच असते. तिचं पाणी उकळलेलं, दात घासायलाही तेच, कच्ची कोशिंबीर, बर्फ, गाड्यावरचा उसाचा रस बंद. भूक गेली, मळमळ वाढली, लघवी गडद पिवळी झाली तर डोळे पिवळे व्हायची वाट न बघता दवाखाना. गाडीसाठी १०२ आहे. माहेरी पाणी चांगलं असेल आणि डॉक्टर हो म्हणाले तर महिनाभर तिकडे ठेवा. मग तुम्ही एकटे घरी असाल, आणि पोरांच्या आया डबा पाठवतील. गरम असेल तर घ्या तो.